वाचक विचारतात: जुन्या ओम्नीचे नाचणारे काटे आणि मीटरमधले लाल दिवे

या वेळी आलेली बरीचशी पत्रं ओम्नीवाल्यांची आहेत आणि त्यात आश्चर्य काहीच नाही, 1984 ला मारुती व्हॅन म्हणून आलेली ही गाडी 2019 पर्यंत बनत होती, तेच 796 सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन पुढच्या सीटखाली घेऊन, आणि किराणावाले, केटरिंगवाले, मंडपवाले, लाँड्रीवाले, कुणाच्या ना कुणाच्या दारात अजून एखादी उभी असतेच. इंजिन चालतंय, गिअर पडतायत, पण मीटरमधला काटा भलतंच काहीतरी दाखवतोय आणि मेकॅनिक म्हणतोय मीटर बदला. उत्तरं सुरू करायच्या आधी एवढंच सांगतो की मीटर सगळ्यात शेवटी. मीटर स्वतः क्वचित मरतो, त्याच्यापर्यंत येणारी वायर, कपलर (वायरी जोडायचा प्लग), फ्यूज आणि अर्थ (करंट बॉडीतून बॅटरीच्या मायनसला परत जायची वाट) आधी मरतात. एक डिजिटल मल्टीमीटर, एक टेस्ट लॅम्प आणि पॉलिश पेपर एवढं सामान असलं तर खालचं जवळपास सगळं घरच्या घरी करता येईल.

प्रश्न: दादा, माझी 2006 ची ओम्नी आहे. दिवसा सगळं व्यवस्थित असतं पण रात्री लाइट लावले की पेट्रोलचा काटा पण वर जातो आणि टेम्परेचरचा पण, लाइट बंद केले की परत जागेवर. मेकॅनिकनी पूर्ण मीटर बदलायला सांगितलाय, सेकंडहँड मिळेल म्हणतो. बदलू का?
(चिपळूण)

उत्तर: नका बदलू. लाइट लावल्यावर टाकीत पेट्रोल वाढत असतं तर आपण सगळेच दिवसाढवळ्या लाइट लावून फिरलो असतो. दोन वेगवेगळे काटे, एकाचं युनिट (काट्याला माप पाठवणारा भाग) मागे टाकीत आणि दुसऱ्याचं इंजिनवर, दोघं एकाच वेळी एकाच दिशेला हलतात म्हणजे भानगड दोघांच्या सामाईक जागेत आहे, आणि त्यांचं सामाईक काय तर मीटरला येणारा करंट आणि मीटरची अर्थ. करंट कमी पडला तर काटे खाली यायला हवेत, तुमचे वर जातायत, म्हणजे पहिला संशय अर्थवर.

होतं असं की या जुन्या मीटरमध्ये काट्यांना सरळ 12 व्होल्ट देत नाहीत, आत एक छोटा रेग्युलेटर असतो तो साधारण 7 व्होल्ट करून देतो, म्हणजे बॅटरी वरखाली झाली तरी काटा हलू नये. पण हा रेग्युलेटर 7 व्होल्ट मोजतो ते मीटरच्या अर्थपासून. ती अर्थ गंजलेली असली की मीटरच्या बल्बांचा करंट तिच्यातून नीट जाऊ शकत नाही, सोसायटीचं खालचं ड्रेनेज तुंबलं की पहिल्या मजल्याच्या बाथरूममध्ये पाणी वर येतं ना तसा अर्थचा व्होल्टेज वर येतो, रेग्युलेटर त्याच्या वर आपले 7 व्होल्ट ठेवतो, आणि काट्यांची युनिटं तर टाकीवर आणि इंजिनवर चांगल्या अर्थला बसलेली आहेत, त्यामुळे काट्यांना गरजेपेक्षा जास्त मिळतं आणि ते वर सरकतात.

आता बघायचं कसं. गाडी चालू करून काटे स्थिर होऊ द्या, मग लाइटचं बटण फक्त पहिल्या टप्प्यावर न्या म्हणजे नुसते पार्किंग आणि मीटरचे बल्ब लागतील. इथेच दोन्ही काटे हलले तर मीटरच्याच अर्थमध्ये लोचा आहे, कपलरची पिन किंवा डॅशबोर्डच्या मागे जिथे ती अर्थ वायर स्क्रूनं बॉडीला मारलीय ती जागा. हेडलाइट लावल्यावरच हलले तर हेडलाइट आणि मीटरची अर्थ पुढे कुठेतरी एकत्र येते तिथे बघा. आणि फक्त टेम्परेचरचाच काटा वर जात असेल, पेट्रोलचा नाही, तर इंजिन आणि बॉडी यांच्यातली जाड पट्टी तपासा, ती ढिली असली की अजून एक खूण मिळते, स्टार्टर मारताना इंजिन जड फिरतं आणि कधीकधी ॲक्सिलरेटरची केबल गरम लागते कारण बिचाऱ्या स्टार्टरचा करंट मिळेल त्या लोखंडातून वाट काढतो.

खात्री करायची असेल तर मल्टीमीटर डीसी 20 वर ठेवा, काळी पिन बॅटरीच्या मायनस खांबावरच टेकवा, त्याच्या क्लॅम्पवर नाही, आणि लाल पिन मीटरच्या अर्थ वायरवर. इंजिन चालू, हेडलाइट चालू, वायपर चालू. 0.1 च्या आसपास आलं तर ठीक, 0.2 च्या पुढे गेलं की तिथे काम आहे, आणि अर्धा व्होल्ट वगैरे दिसला तर तुमचा आजार सापडलाच. मग लाल पिन हळूहळू बॅटरीच्या दिशेनं आणत जा, आधी डॅशबोर्डची पट्टी, मग बॉडीचा बोल्ट, मग केबलचा लग (टोकाची धातूची कडी), ज्या दोन जागांमध्ये आकडा एकदम पडतो त्याच्या मध्ये गंज. चिपळूणची हवा आणि पाऊस मी वेगळा सांगायला नको, तिथे बोल्टाखाली हिरवट पांढरा थर आलेलाच असणार. बोल्ट काढा, रंग खरवडून पत्रा चकाकेपर्यंत घासा, दातेरी वॉशर टाका, घट्ट करा आणि मग वरून व्हॅसलिन किंवा ग्रीस चोपडा. नुसती एक नवीन वायर मीटरपासून बॉडीला मारून देणारे वायरमन आहेत, चालतं ते, पण बॉडीची आणि बॅटरीची जागा खराब असेल तर चार महिन्यांनी परत पत्र लिहाल.

प्रश्न: सर, आमची डिलिव्हरीची ओम्नी आहे, बाहेरून सीएनजी किट बसवलंय. किट बसवल्यापासून पेट्रोलचा काटा E वरच पडून असतो, टाकीत पेट्रोल टाकलं तरी. किटवाला म्हणतो आमचा संबंध नाही, गाडी जुनी आहे. खरं काय?
(नाशिक)

उत्तर: दोघंही खरे असू शकतात, म्हणूनच भांडायच्या आधी वायर तपासा.

टाकीतल्या युनिटमध्ये एक तरंगणारा फ्लोट, त्याला दांडी, आणि दांडीच्या टोकाला एक बारीक पत्ती असते जी रेझिस्टन्सच्या पट्टीवर घासत फिरते. टाकी भरली की रेझिस्टन्स कमी, काही ओहम फक्त, आणि रिकामी झाली की शंभराच्या पुढे. करंट जितका जास्त वाहील तितका काटा F कडे. म्हणून कुठेही वायर तुटली की काटा E वर पडतो आणि वायर मध्येच बॉडीला टेकली की काटा F च्या वर जाऊन चिकटतो. हे एवढं लक्षात ठेवलं तरी अर्धं काम होतं, तुमचा E वर आहे म्हणजे कुठेतरी वाट तुटलीय किंवा युनिटच मेलंय.

टेस्ट करताना पेट्रोलची वाफ आणि ठिणगी एकत्र येऊ द्यायची नाही. सीएनजी सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद, गाडी उघड्यावर, चावी बंद. टाकीकडे जाणारा कपलर सोडा. मीटरमध्ये लागतो तो 12 व्होल्ट 3.4 वॅटचा छोटा बल्ब घ्या, त्याचं एक टोक हार्नेसच्या (गाडीच्या वायरींच्या जुडग्याच्या) बाजूच्या, काट्याकडे जाणाऱ्या वायरीला आणि दुसरं टोक बॉडीला आधी पक्कं जोडा, टाकीपासून जरा लांब ठेवा, आणि मग जाऊन चावी ऑन करा. नुसती वायर बॉडीला टेकवून बघणारे खूप आहेत, तसं करू नका, एक तर ठिणगी उडते आणि दुसरं म्हणजे फुल करंट जास्त वेळ गेला तर काट्याची आतली कॉइल भाजते. बल्ब लावून मात्र थोडं थांबायचं, हे काटे आतल्या पट्टीला उष्णता मिळाली की हळूहळू वाकतात, पटकन उडी मारत नाहीत, अर्धा एक मिनिट द्या.

काटा वर आला तर मीटर ठीक, वायर ठीक, आणि किटवाल्याची सुटका झाली, युनिट किंवा त्याची अर्थ बघा. युनिटच्या दोन्ही पिना मल्टीमीटरनं ओहममध्ये मोजा, एकच पिन असेल तर ती पिन आणि बॉडी. आकडाच येत नाही किंवा गाडी हलवली की उड्या मारतो, तर पट्टी झिजलीय किंवा काळी पडलीय. तुमच्यासारख्या सीएनजीवर चालणाऱ्या गाड्यांत हे जास्त दिसतं कारण पेट्रोल कायम तळाला थोडंसंच असतं, पत्ती वर्षानुवर्षं एकाच जागी बसून राहते आणि तेवढाच भाग खराब होतो, वर आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल, ते हवेतलं पाणी ओढतं, आणि न वापरलेलं पेट्रोल टाकीत पडून राहिलं की आतल्या धातूला ते मानवत नाही. युनिट बाहेर काढलंत तर फ्लोट कानाजवळ हलवून बघा, आत पेट्रोल खळखळलं तर तो भोक पडून बुडालाय, मग बाकी सगळं चांगलं असूनही काटा E च दाखवणार.

आणि बल्ब लावूनही काटा हलला नाही तर मग किटवाल्याकडे जा. किटच्या बटणाला चावीचा करंट लागतो, तो घ्यायला काही जण जी वायर हाताला लागेल ती सोलतात, पिरगाळतात आणि वरून काळी टेप. डॅशबोर्डखाली टेप मारलेले जोड शोधा. टेप उन्हात सुटून चिकट झालेली असते. असा प्रत्येक जोड उघडून सोल्डर करा आणि वर हीट श्रिंक ट्यूब चढवा. किटच्या बटणावरचे ते हिरवे लाल दिवे मात्र वेगळी गोष्ट आहे, ते सीएनजीच्या प्रेशरवरून चालतात, पेट्रोलच्या काट्याशी त्यांचं नातं नाही.

प्रश्न: इकडे उन्हाळ्यात 42 च्या पुढे पारा जातो तरी माझ्या व्हॅनचा टेम्परेचरचा काटा C च्या वर केसभरच उठतो. गाडी गार राहतेय हे चांगलंच ना, की काटा खराब आहे?
(सोलापूर)

उत्तर: पहिला प्रश्न मेकॅनिकला विचारा, थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) काढून टाकलायस का? आपल्याकडे ही एक फार जुनी सवय आहे, गाडी एकदा गरम झाली की थर्मोस्टॅट काढून फेकायचा, म्हणजे पाणी कायम रेडिएटरमधून फिरत राहतं, इंजिन कधी नीट तापतच नाही, हायवेला तर अजिबात नाही. काटा मग खरंच बोलतोय. गार इंजिन पेट्रोल जास्त पितं, झिजतं जास्त, आणि एमपीएफआय गाडी (पेट्रोल कॉम्प्युटरच्या हिशोबानं सोडणारी) असेल तर कॉम्प्युटर समजतो की अजून सकाळच आहे आणि जास्त पेट्रोल सोडत राहतो. सोलापुरात पण थर्मोस्टॅट लागतोच, तो 80 च्या वर कुठेतरी उघडतो, बाहेर 42 आहेत याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

थर्मोस्टॅट असेल तर मग सेंडर, म्हणजे इंजिनवरचं टेम्परेचरचं युनिट, बघा. इंजिन गार असताना चावी ऑन करून त्याची वायर काढा आणि तोच 3.4 वॅटचा बल्ब मध्ये घालून इंजिनला अर्थ द्या, काटा H कडे चढायला लागला की मीटर चांगला. सेंडर काढून पातेल्यात पाणी तापवून त्यात धरा (टोक फक्त बुडवा, वरची पिन कोरडी ठेवा), गार असताना काही शे ओहम दाखवेल आणि पाणी उकळायला लागलं की साधारण तीसपर्यंत खाली यायला हवा. परत बसवताना आट्यांवर टेफ्लॉन टेपचे वेटोळे मारू नका, एका वायरचा सेंडर त्या आट्यांतूनच अर्थ घेतो, टेप मारली की अर्थ तुटते आणि काटा C वर. बऱ्याच गाड्यांत काट्याचा सेंडर वेगळा आणि इंजिनच्या कॉम्प्युटरचा सेन्सर वेगळा असतो, दुकानदार चुकीचा देतो आणि मग लोक म्हणतात नवीन टाकूनही फरक नाही.

एक गोष्ट जरा नीट वाचा. गाडी चालवताना काटा वर वर जात होता आणि एकदम खाली पडला, तर हुश्श करू नका. पाणी गळून गेलं की सेंडर कोरडा पडतो, वाफेत किंवा हवेत राहिल्यावर तो नीट मोजू शकत नाही आणि काटा खाली येतो, इंजिन मात्र भाजत असतं. गाडी बाजूला घ्या, बंद करा, आणि रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका.

प्रश्न: सिग्नलला थांबलो की ऑइलचा लाल दिवा मिचमिचतो, रेस दिली की जातो. मेहुणे म्हणाले सेन्सर गेलाय, वायर काढून टाक. काढली तर चालेल का? गाडी बाकी मस्त आहे.
(छत्रपती संभाजीनगर)

उत्तर: मेहुण्यांना नमस्कार सांगा आणि वायर जागेवर ठेवा.

वायर काढली की दिवा जाणार यात शंकाच नाही, कारण तो स्विच फक्त प्रेशर नसताना वायरीला अर्थ देतो, वायर नाही तर दिवा नाही, मग आत ऑइल असो नाहीतर नसो. बाकी काट्यांच्या बाबतीत मी म्हणतो आधी वायरिंगवर संशय घ्या, ऑइलच्या दिव्याबाबत उलटं, तो खरं सांगतोय असं धरूनच चालायचं. आयडलला मिचमिचतो आणि रेस दिल्यावर जातो हे खऱ्या कमी प्रेशरचंच लक्षण आहे. आज गाडी सपाट जागी लावा, पाच दहा मिनिटांनी डिपस्टिक बघा, ऑइल कमी असेल तर भरा, पातळ काळं झालेलं असेल तर फिल्टरसकट बदला, आयडलचा स्पीड फारच खाली लावलाय का तेही बघा. तरी राहिलं तर स्विच काढून त्याच्या जागी मेकॅनिकल प्रेशर गेज लावून मोजून घ्या, गॅरेजमध्ये असतो. गेजवर प्रेशर व्यवस्थित आलं तरच स्विच बदला, तो स्वस्तातला पार्ट आहे. प्रेशर नाही आलं तर बेअरिंग आणि ऑइल पंपाचं काम आहे, वायरमनचं नाही. आणि चालत्या गाडीत दिवा लागून राहिला तर पुढच्या गॅरेजपर्यंत सुद्धा नेऊ नका.

प्रश्न: काका, माझ्या ओम्नीत बॅटरीचा लाल दिवा रात्री अगदी मंद पेटलेला दिसतो, दिवसा कळत पण नाही. सकाळी कधीकधी सेल्फ घेत नाही. बॅटरी नवीन आहे. आमचा मेकॅनिक चालू गाडीत बॅटरीचा टर्मिनल काढून बघतो, गाडी बंद पडली नाही म्हणून म्हणतो अल्टरनेटर चांगला आहे.
(फोंडा, गोवा)

उत्तर: त्याला ते करू देऊ नका परत. चालू गाडीत बॅटरी सोडली की अल्टरनेटरचा (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करतो तो) व्होल्टेज क्षणात खूप वर उडी मारतो, त्यात रेग्युलेटर जातो, डायोड (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारे भाग) जातात, एमपीएफआय असेल तर इंजिनचा कॉम्प्युटर पण जाऊ शकतो. जुन्या डायनामोच्या काळातली टेस्ट आहे ती.

दिव्याचं गणित सोपं आहे. त्याच्या एका बाजूला चावीतून आलेला बॅटरीचा करंट, दुसऱ्या बाजूला अल्टरनेटरचा L टर्मिनल. चार्जिंग सुरू झालं की दोन्हीकडे सारखाच व्होल्टेज होतो आणि दिवा विझतो. मंद पेटतोय म्हणजे दोन बाजूंमध्ये थोडा फरक राहिलाय, पूर्ण बिघाड नाही पण सगळं आलबेल पण नाही.

आधी बॅटरी मोजा. रात्रभर उभी राहिलेली गाडी, सकाळी चालू करायच्या आधी 12.6 च्या आसपास म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे अर्धी, 12 च्या खाली म्हणजे रिकामीच. मग गाडी चालू करून जरा रेसवर 13.8 ते 14.5 यायला हवेत. हेडलाइट लावून, वायपर लावून परत बघा, 13 च्या खाली घसरले तर बेल्ट ढिला आहे का बघा आणि मग अल्टरनेटर उतरवा, ब्रश संपलेले असतील. 15 च्या वर जात असेल तर रेग्युलेटर गेलाय, बॅटरीचं पाणी उकळून संपेल.

व्होल्टेज चांगले 14 च्या वर आहेत तरी दिवा मंद पेटतो, अशा वेळी दोनच शक्यता धरा. एक, चावीचा स्विच किंवा फ्यूज इथे व्होल्टेज पडतोय, म्हणजे दिव्याला बॅटरीच्या बाजूनं कमी मिळतं आणि अल्टरनेटरच्या बाजूनं पूर्ण, मग दिवा उलटा पेटतो, चार्जिंग खरं तर ठीक असतं. खूण अशी की चावीवर चालणारं एखादं जड काम, ब्लोअर म्हणा, चालू केलं की दिवा जास्त उजळतो. दुसरी शक्यता अल्टरनेटरचा एखादा डायोड गेला, आणि तुमची सकाळी बॅटरी उतरतेय त्यावरून माझा संशय इकडे जास्त आहे, कारण फुटलेला डायोड गाडी बंद असताना बॅटरी पीत बसतो.

डायोड तपासायला गाडी चालू ठेवून मल्टीमीटर एसी वर लावा आणि बॅटरीवर मोजा. अर्ध्या व्होल्टच्या वर एसी दिसला तर डायोड गेला म्हणून धरा. पण स्वस्तातले काही मल्टीमीटर एसीच्या रेंजवर डीसी पण मोजतात, म्हणून आधी बंद गाडीत बघा, तिथेच वीस पंचवीस व्होल्ट दाखवत असेल तर त्या मल्टीमीटरचा भरवसा नको. आणि रात्रीची गळती मोजायची तर गाडी बंद, दारं बंद, चावी काढून घ्या, बॅटरीची मायनस केबल सोडून मध्ये मल्टीमीटर 10 अँपिअरवर लावा. 50 मिलीअँपिअरच्या आत असेल तर हरकत नाही. जास्त असेल तर अल्टरनेटरच्या वायरी सोडून बघा, B टर्मिनलवरची (बॅटरीकडून येणारी जाड) सोडलेली वायर नीट गुंडाळून ठेवायची कारण ती सतत लाइव्ह असते. मल्टीमीटर मध्ये जोडलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नका, त्याचा फ्यूज फट्कन जाईल.

प्रश्न: मीटरचे पिवळे बल्ब काढून सगळे एलईडी टाकले, एकदम नवीन गाडी वाटते. पण आता गाडी चालू केली की बॅटरीचा दिवा जात नाही, एकदा जोरात रेस दिली की जातो. दोन्हीचा संबंध आहे का?
(ठाणे)

उत्तर: आहे. बऱ्याच जुन्या अल्टरनेटरना सुरुवातीला जागं करायचा करंट त्या चार्जिंगच्या बल्बमधूनच मिळतो. एलईडीतून तेवढा जात नाही, म्हणून अल्टरनेटर रेस मिळेपर्यंत झोपून राहतो. बाकीचे एलईडी खुशाल ठेवा, तेवढा एक जुना फिलामेंटचा बल्ब परत टाका. त्याच कारणानं चार्जिंगचा बल्ब उडालेला असेल तर तो लगेच बदलायचा असतो, चावी ऑन केल्यावर हा दिवा पेटतो की नाही हे रोज बघत जा.

प्रश्न: गाडी सर्व्हिसिंगला दिली, प्रेशर वॉशनी धुतली, तेव्हापासून दोन्ही काटे खाली, इंडिकेटर पण बंद. फ्यूज बघितला तर गेलेला होता, नवीन टाकला तर परत उडाला. आता त्यांनी त्यात वायरचा तुकडा टाकून दिलाय, सगळं चालू झालं.
(अमरावती)

उत्तर: तो तुकडा आत्ता, हे वाचता वाचता काढा. फ्यूज दोनदा उडाला म्हणजे कुठेतरी वायर बॉडीला लागलीय किंवा कपलरमध्ये पाणी आहे, फ्यूज आपलं काम करत होता. आता त्याच्या जागी वायर असल्यामुळे पुढच्या वेळी फ्यूजऐवजी हार्नेस जळेल, आणि या गाडीत तो हार्नेस तुमच्या पायाशी आणि सीटखाली पेट्रोलच्या पाइपजवळून जातो. फ्यूजच्या जागी टेस्ट लॅम्प लावा, चावी ऑन करा, शॉर्ट असेपर्यंत तो पूर्ण उजेडात पेटेल, मग एकेक कपलर सोडत जा, इंडिकेटरचा फ्लॅशर, रिव्हर्स लाइटचा स्विच, मागचे लाइट, मीटर. ज्याला सोडल्यावर लॅम्प विझतो किंवा एकदम मंद होतो त्या लाइनमध्ये शॉर्ट. धुतल्यानंतरच झालंय म्हणून खालून जाणाऱ्या वायरी आणि गिअरबॉक्सवरचा रिव्हर्सचा स्विच आधी. हवेनं सुकवा, हिरवं झालेलं घासा आणि झाकणावर लिहिलाय तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज टाका.

प्रश्न: आमच्या घरची जुनी मॅटाडोर परत उभी करतोय, डॅशबोर्डवर जुन्या काळचा गोल अँपिअर मीटर लावायची हौस आहे, बाजारात मिळालाय. वायर कशी मारू?
(कोल्हापूर)

उत्तर: मॅटाडोर उभी करताय हे वाचूनच बरं वाटलं, आकुर्डीची ती गाडी एके काळी भाजीपासून वऱ्हाडापर्यंत सगळं वाहायची. हौस पुरवा, पण अँपिअर मीटरऐवजी तसाच गोल व्होल्टमीटर मिळतोय का बघा. अँपिअर मीटरमधून बॅटरीला जाणारा येणारा सगळा करंट जातो, म्हणजे इंजिनपासून डॅशबोर्डपर्यंत दोन जाड वायरी ओढायच्या, त्या कायम लाइव्ह, आणि मीटरमागचा एक नट ढिला झाला की तिथे गरम होऊन जळायला सुरुवात. जुन्या गाड्यांत 30 अँपिअरचे मीटर चालायचे कारण लोडच तेवढा होता, तुम्ही आज हॅलोजन, म्युझिक सिस्टीम, मोबाइलचं चार्जर, पंखे लावणार, काटा टोकाला जाऊन आपटेल.

व्होल्टमीटरला एक बारीक वायर चावीनंतरच्या लाइनवरून, मध्ये एक दोन अँपिअरचा फ्यूज, दुसरी वायर अर्थला, झालं काम. चार्जिंग होतंय की नाही, बॅटरी दमलीय का, अल्टरनेटर जास्त देतोय का, तिन्ही त्यावर दिसतं. अँपिअर मीटर शोभेला हवाच असेल तर जोडू नका, नुसता बसवा, मागे वायर मारायची गरज नाही. फक्त ज्याला गाडी चालवायला द्याल त्याला सांगून ठेवा, नाहीतर तो बिचारा चार्जिंग नाही म्हणून वाटेतच गाडी बंद करून तुम्हाला फोन करायचा.